फक्त स्वयंपाकघरापर्यंत

हंसाबेनच्या भाजलेल्या हाताचा फोटो काढायला मी फोटोग्राफर घेऊन गेलो होतो. उजवा हात, मनगटापासून कोपरापर्यंत, वर पिवळं मलम. फोटोग्राफर लग्नाचे फोटो काढणारा होता. सवयीनं तो "जरा हसा" म्हणणार हे मला दिसलं, तेव्हा मी त्याला डोळ्यांनीच दटावलं. मला दोन फोटो हवे होते, एक हाताचा आणि एक रेग्युलेटरचा. दोन्ही कंपनीला पाठवायच्या रिपोर्टला जोडायचे होते.

मी तेव्हा सुरतेत, उधन्याच्या एका गॅस एजन्सीत मॅनेजर होतो. नव्वदचं दशक अर्धं सरलं होतं. गॅस भरते ती कंपनी, आणि तुमच्या घरी आणून देते ती एजन्सी. एजन्सीचा मालक म्हणजे आमचे शेठ, आणि शेठना सोडून बाकी जे काही असतं ते सगळं मॅनेजर. बुकिंगचं रजिस्टर, गोडाऊनच्या चाव्या, ग्राहकांच्या शिव्या आणि अकरा डिलिव्हरीवाले माझ्या ताब्यात होते. मी मूळचा अमळनेरकडचा. खानदेशातून सुरतेला आलेले बहुतेक लोक लूमवर किंवा डाइंगमध्ये जात, मी बी.कॉम. असल्यामुळे खुर्चीवर बसलो. त्या खुर्चीचा मला जरा जास्तच अभिमान होता.

कुठेही आग लागली की एजन्सीनं दोन दिवसांत रिपोर्ट द्यायचा असा कंपनीचा नियम होता. रिपोर्टात एक रकाना असे, 'अपघाताचे कारण'. तो रिकामा ठेवून चालत नसे.

कारण शोधायला मला दहा मिनिटं लागली. सिलिंडरच्या तोंडात, जिथे रेग्युलेटर बसतो, तिथे एक छोटी रबरी रिंग असते. ती फाटली किंवा निघाली की रेग्युलेटर चालू करताच बाजूनं गॅस सुटतो. हंसाबेनच्या सिलिंडरमधली रिंग एका बाजूला चिरलेली होती. अशा रिंगा येतात, त्यात डिलिव्हरीवाल्याचा दोष नसतो. पण त्यानं घरात रेग्युलेटर बसवून, चालू करून, साबणाचं पाणी लावून पाहायचं असतं. बुडबुडे आले की खिशातली नवी रिंग टाकायची. दोन मिनिटांचं काम. ते झालेलं नव्हतं. हंसाबेननी तासाभरानं शेगडी पेटवली आणि भडका उडाला. शेजारच्या बाईनं ओलं पोतं टाकलं म्हणून हातावरच निभावलं.

"साबणाचं पाणी लावलं होतं का त्यानं?" मी विचारलं.

"ना," त्या म्हणाल्या. "ए भाई उतावळमां हता. एमने..."

उतावळ म्हणजे घाई. मला हवं होतं ते मिळालं होतं. बेन पुढे काहीतरी सांगत होत्या, पण मी वहीत 'घाईत होता' असं लिहून खाली त्यांची सही घ्यायला पेन पुढे केलं. हात भाजलेला, म्हणून डाव्या हाताचा अंगठा घेतला. तो अंगठा घेताना त्या माझ्याकडे ज्या नजरेनं पाहत होत्या, ती मला नंतर पुष्कळ वेळा आठवली.

तो डिलिव्हरीवाला म्हणजे सुपडू.

सुपडू आमच्यातला सगळ्यात जुना माणूस. पन्नाशीचा, धुळ्याकडचा, गोडादऱ्याला राहायचा. तीनचाकी लारीवर सिलिंडर लादून पायडल मारत उधन्यापासून भटारपर्यंतची सोसायटी न सोसायटी फिरायचा. सिलिंडरला सुरतेत बाटला म्हणतात. भरलेला बाटला खांद्यावर घेऊन सुपडू तिसऱ्या मजल्यावर चढायचा, चपला दाराबाहेर काढायचा आणि आत गेल्यावर बाटला आपटायचा नाही, टेकवायचा. फरशीला चरा पडल्याची एकही तक्रार त्याच्या नावावर नव्हती. वयानं तो माझ्याहून आठ-दहा वर्षांनी मोठा. पण तो मला साहेब म्हणायचा आणि मी त्याला सुपडू. तो अहिराणीत बोलायचा. घरी मीही तीच बोलायचो, पण ऑफिसात मुद्दाम पुस्तकी मराठीत उत्तर द्यायचो. हे लिहितानाही कसंतरी वाटतं.

इथे तीन-चार महिने मागं जायला हवं, कारण सगळं तिथून सुरू झालं.

चौऱ्याण्णवच्या प्लेगनंतर सुरत एकदम स्वच्छ झाली होती. पूर्वी पुरुष जिथे जिथे भिंतीशी उभे राहायचे, तिथे सोसायटीवाल्यांनी देवांच्या टाइल्स बसवल्या. उरलेल्या ठिकाणी महापालिकेची माणसं पकडायची. चांगलंच झालं, कोणी नाही म्हणणार नाही. सार्वजनिक संडासही बांधले. पण गॅसची भरलेली लारी रस्त्यावर सोडून डिलिव्हरीवाल्याला तिथे जाता येत नसे. लारी नजरेआड करायची नाही हा आमचाच नियम. एक बाटला गेला की पोलीस चौकी, कंपनी, खुलासे. सोसायटीच्या आवारात मात्र साखळी-कुलूप लावून, वॉचमनला सांगून वर जाता यायचं. म्हणजे दिवसभरात या माणसांना लघवीला जायला एकच जागा उरली होती, ती म्हणजे ग्राहकाचं घर. हे गणित मी आज मांडतोय. तेव्हा माझ्या डोक्यातही आलं नव्हतं.

पाणी मात्र सगळे द्यायचे. सुरतेच्या उन्हात बाटला घेऊन आलेल्या माणसाला पाणी न विचारणारं घर मी पाहिलं नाही. ते पाणी पुढे कुठे जायचं हे कोणी विचारत नसे. माझी माणसं त्यावर उपाय करायची. सकाळी घोटभर चहा घ्यायचा आणि दुपारपर्यंत कोणी पाणी दिलं तरी ओठ ओले करून पेला परत द्यायचा.

एका बंगल्यातल्या बाईची तक्रार आली की तुमच्या माणसानं आमचं पाहुण्यांचं बाथरूम वापरलं, ओल्या पायांचे ठसे उमटले. माणूस सुपडू नव्हता, दुसरा होता. शेठ एवढंच म्हणाले, त्याला जरा समज दे. तेवढ्यावर भागलं असतं. पण मला अक्कल पाजळायची हौस. मी सर्क्युलर काढलं. 'डिलिव्हरी कर्मचाऱ्याने ग्राहकाच्या घरातील संडास-बाथरूमचा वापर करू नये. तशी मागणीही करू नये. तक्रार आल्यास लारी काढून घेतली जाईल.' मागणीही करू नये, हे वाक्य माझं स्वतःचं. ते सुचल्यावर मला बरं वाटलं होतं.

तेवढ्यानं समाधान झालं नाही. मी रबरी शिक्का बनवून घेतला. ग्राहक गॅसचं बुक घेऊन बुकिंगला यायचे, तेव्हा प्रत्येक बुकावर जांभळ्या शाईत तो उमटायचा. 'डिलिव्हरीवाल्यास फक्त स्वयंपाकघरापर्यंत प्रवेश द्यावा.' वर गुजरातीत, खाली हिंदीत. शेठनी पाहिला आणि म्हणाले, छान. चार महिन्यांत हजारो बुकांवर तो बसला.

सर्क्युलरवर सगळ्यांच्या सह्या घेताना सुपडूचा नंबर आला. त्याला सही येत होती, सावकाश काढायचा. कागद वाचून दाखवल्यावर त्यानं पेन हातात तसंच धरून विचारलं, "लागनी ते काय करानं, साहेब?"

लागली तर काय करायचं. सगळे हसले. मीही हसलो. म्हणालो, "घरून जाऊन यायचं." मग आणखी हसले. सुपडूनं सही केली.

तर हंसाबेनकडच्या आगीनंतर मी सुपडूला ऑफिसात बोलावलं. तो टेबलासमोर उभा राहिला. एका पायात चप्पल, दुसऱ्या पायाच्या बोटाला चिंधी. ती माझ्या नजरेस पडली, पण मी तिच्याबद्दल विचारलं नाही.

साबणाचं पाणी का लावलं नाहीस, विचारलं. बावीस वर्षं हे काम करतोस, रिंग तपासायची असते हे काय आता शिकवायचं का, विचारलं. बाई म्हणतात तू घाईत होतास, कसली घाई होती. त्यानं एकदा माझ्याकडे पाहिलं, मग टेबलाच्या काचेखाली ठेवलेल्या सर्क्युलरकडे पाहिलं, आणि म्हणाला, "चूक व्हयनी, साहेब."

माणूस चूक कबूल करतो म्हटल्यावर चौकशी संपली असं मी मानलं. आज वाटतं, ती तिथे सुरू व्हायला हवी होती. शेठचं म्हणणं होतं की जुना माणूस आहे, जाऊ दे. पण कंपनीचा अधिकारी फोनवर नाव मागत होता. कोणाचं तरी नाव गेल्याशिवाय ठपका एजन्सीवर येणार होता. मी रकान्यात लिहिलं, 'डिलिव्हरी कर्मचाऱ्याचा निष्काळजीपणा'. सुपडूची लारी काढून घेतली. त्यानं साखळीचं कुलूप, खिशातल्या उरलेल्या रिंगा आणि साबणाच्या पाण्याची बाटली टेबलावर ठेवली. बाटली भरलेली होती.

पाच-सहा महिने गेले. हंसाबेनच्या घरचे पलसाण्याकडे राहायला जाणार होते, म्हणून कनेक्शन बदलून घ्यायला त्या स्वतः ऑफिसात आल्या. हातावर गुलाबी डाग होता, बाकी बरा झाला होता. फॉर्म भरून झाल्यावर त्यांनी विचारलं, ते जुने भाई कुठे आहेत, दुसराच माणूस येतो हल्ली.

मी म्हटलं, काढलं त्याला. तुमच्या आगीवरूनच.

बेन खुर्चीतून उठता उठता पुन्हा बसल्या. म्हणाल्या, त्या दिवशी त्यांची चूक नव्हती, मी तुम्हाला सांगत होते, तुम्ही ऐकलंच नाही. मग त्यांनी जे सांगितलं ते असं. सुपडूनं त्या दिवशी बाटला टेकवला आणि फार संकोचून विचारलं, बेन, जरा बाथरूमला जाऊ का. चेहरा घामानं डबडबलेला, एका पायावरून दुसऱ्या पायावर होत होता.

"पहेलां तो में बे-त्रण वार जवा दीधा हता," बेन म्हणाल्या. आधी मी त्यांना दोन-तीनदा जाऊ दिलं होतं. सासूबाई कुरकुर करायच्या, तरी दिलं होतं. मग त्यांनी पर्समधून गॅसचं बुक काढलं, माझ्यासमोर ठेवलं आणि शिक्क्यावर बोट ठेवलं. "पण पछी तमे आ लख्युं."

पण नंतर तुम्ही हे लिहिलंत. त्या दिवशी बेननी सुपडूला हा शिक्का दाखवला होता. म्हणाल्या, भाई, एजन्सीनंच नाही म्हटलंय, तुमची नोकरी जाईल. सुपडूनं शिक्का पाहिला, रेग्युलेटर कसाबसा बसवला आणि जिन्यानं खाली धावला. साबणाची बाटली खिशातच राहिली.

त्यांनी नाही म्हटलं होतं ते त्याची नोकरी वाचावी म्हणून. मी त्यांना काय उत्तर दिलं ते आठवत नाही. पाणी विचारलं असेल.

शेठकडे गेलो. सगळं सांगितलं. शेठ वाईट माणूस नव्हते. पेपरवेट फिरवत म्हणाले, फाइल बंद झाली आहे. आता कारण बदललं तर कंपनी विचारेल, असा शिक्का मारायला तुम्हाला कोणी सांगितलं. सांगितलं कोणी, हे आम्हा दोघांनाही माहीत होतं. मी आग्रह धरला नाही. धरायला हवा होता. सरळ सांगायचं तर भीती वाटली. शिक्का मात्र त्याच दिवशी मोडला आणि सर्क्युलर काचेखालून काढलं. त्यानं काय होणार होतं, बुकांवरची शाई तर निघणार नव्हती.

रविवारी दुपारी मी स्कूटर काढून गोडादऱ्याला गेलो. विचारत विचारत सुपडूची चाळ सापडली. ओळीनं दहा खोल्या, समोर नाली, टोकाला एक संडास. सुपडू खाटेवर बसला होता. डाव्या पायाला बँडेज आणि पायाची दोन बोटं नव्हती. मला पाहून तो उठायला लागला, तेव्हा मीच त्याला खांद्याला धरून बसवलं. इतक्या वर्षांत मी त्याला पहिल्यांदा हात लावला.

त्याच्या बायकोनं सांगितलं ते ऐकत राहिलो. साखरेचा आजार वर्षापासून होता. तहान फार लागायची, लघवी सारखी व्हायची. डॉक्टर म्हणाले होते पाणी भरपूर प्या. लारीवर असताना हा पाणी टाळायचा, मग चक्कर यायची, मग राहवेना म्हणून प्यायचा, आणि मग लघवी आवरायची नाही. त्या बोटाची जखम लारीवरच झालेली होती. चिंधी बांधून तोच पाय पायडलवर.

मी विचारलं, मला का नाही सांगितलं. आणि पहिल्यांदाच मी त्याला 'सुपडूआबा, तुम्ही' म्हणालो. खानदेशात त्या वयाच्या माणसाला असंच म्हणतात. ते मला ठाऊक नव्हतं असं नाही.

तो रागावला असता तर बरं झालं असतं. तो शांतपणे म्हणाला, "काय सांगानं व्हतं, साहेब? मांगानं नही आसं लिखेल व्हतं. नि मी ते मांगेल व्हतं."

मागायचं नाही असं लिहिलेलं होतं, आणि मी तर मागितलं होतं. त्याच्या दृष्टीनं हाही एक गुन्हा होता, आणि तो लपवायला त्यानं दुसरा कबूल केला. शिवाय आजार सांगितला असता तर बाटला उचलायला नालायक म्हणून मी काढलंच असतं. यातलं त्याचं काहीच चुकीचं नव्हतं. मी काढलंच असतं.

परत कामावर या, ऑफिसात बसून बुकिंग घ्या, मी शेठना विचारतो, असं काहीतरी मी बोललो. तो हसला. मुलगी जवळच राहत होती, जावई लूमवर होता, त्यांच्या आधारावर सुपडूचं कसंबसं चाललं होतं. पायामुळे आता होत नाही म्हणाला. मग बायकोनं चहा आणला. त्याआधी दोन पेले पाणी झालं होतं, उन्हातून आलो होतो. निघायच्या वेळी माझी पंचाईत झाली. गोडादऱ्यापासून माझं घर लांब. मी उगाच स्कूटरची चावी चाचपत उभा राहिलो. चाळीशी उलटलेला मॅनेजर, आणि तोंडातून शब्द निघेना. कोणाच्या दारात उभं राहून हे मागणं केवढं अवघड असतं, ते मला त्या मिनिटात कळलं.

मला मागावं लागलं नाही. सुपडूनं माझ्याकडे एकदा पाहिलं आणि बायकोला म्हणाला, "साहेबले चावी दे वं."

दाराच्या खिळ्याला संडासाची चावी टांगलेली होती. चार घरांमागे अशी एक चावी. मी हात पुढे केला, पण त्यानं ती मला घेऊ दिली नाही. काठी टेकत, लंगडत तो स्वतः पुढे गेला. बायको बादली घेऊन मागं. मी नको नको म्हणत राहिलो. त्यानं कुलूप काढलं, आत वाकून दोन तांबे पाणी टाकलं, कडीवरचा हात शर्टाला पुसला आणि बाजूला झाला.

"या, साहेब. पानी टाकी दिधं."

मी आत गेलो आणि दार लावून घेतलं. तो बाहेर उभा होता, काठीचा आवाज येत होता. त्या दोन मिनिटांत मला जी लाज वाटली, ती नंतर कधी वाटली नाही.

पुढच्या वर्षी सुपडूआबा गेले. मला उशिरा कळलं.

रिटायर होऊन बरीच वर्षं झाली. अजून आमच्या घरी गॅसवाला येतो, कुरिअरवाला येतो. पाण्याबरोबर मी त्यांना दुसरंही विचारतो. सुनेला सुरुवातीला आवडत नसे. कोण कुठला माणूस, घरात बायका असतात, म्हणायची. तिचंही खोटं नव्हतं. मी तिच्याशी वाद घातला नाही, फक्त नंतर फरशी मी पुसतो. काही जण नको म्हणतात, काही जण इकडेतिकडे बघून पटकन आत जातात. बाहेर येताना त्यांच्या चेहऱ्यावर जे दिसतं त्याला आभार म्हणत नाहीत. माणूस नुसता मोकळा झालेला असतो.

मध्यंतरी एका नातेवाइकाकडे जुनं गॅसचं बुक पाहिलं. शाई फिकी झाली आहे, पण शिक्का वाचता येतो.

त्यानंतरही नोकरीत मी पुष्कळ नियम लिहिले. तो माझा धंदाच होता. पण सह्या घेण्याआधी प्रत्येक वेळी विचारायचो, यात कोणाला काही अडचण आहे का. सगळे माना हलवायचे आणि सही करायचे. विचारणारा एकच माणूस होता, आणि त्याला आम्ही सगळे हसलो होतो.